उतारावरची ट्रॉली

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी सात महिने लिहितोय. म्हणजे लिहीत नव्हतो, लिहायचं असं रोज सकाळी ठरवत होतो. कागद आणला, तो मालकीणबाईंनी बियांच्या पुड्या बांधायला नेला. दुसरा आणला, त्यावर चहा सांडला. मग पेन हरवलं. पेन सापडलं तेव्हा काय लिहायचं तेच हरवलं होतं. आता तू म्हणशील, सबबींचं कॉलेज असतं तर तेवढं एक कॉलेज याने पूर्ण केलं असतं. तू म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

फोन का केला नाही, तर फोन पाण्याच्या टाकीत पडला. मी वाकून मासा बघत होतो. टाकीत मासा आला कुठून, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मालकीणबाई म्हणतात मासा नाहीच, तुझाच चेहरा दिसला असेल. तसाही हा भाग खोलगट आहे, इथे रेंज येत नाही.

तर मी सध्या एका नर्सरीत आहे. बोटीवरचं काम सोडलं, त्याआधी रंगाऱ्याकडे होतो, तेही सोडलं, ते सगळं भेटल्यावर सांगेन. इथे काचेची तीन घरं आहेत, आणि त्यात ट्रेच्या ट्रे भरून रोपं. मालकीणबाई साठीच्या, पायात रबरी बूट, कमरेला कात्री. त्यांनी मला पहिल्या दिवशी काय काम दिलं असेल? एक लांब काठी, तिला जुन्या चादरीची पट्टी बांधलेली. ती काठी रोपांच्या शेंड्यांवरून फिरवायची, या टोकाकडून त्या टोकाकडे, सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा. मी विचारलं, "लाड करायचे का यांचे?" तर म्हणाल्या, "लाड नाही रे, धक्के. काचेच्या घरात वारा नसतो. धक्का न खाता वाढलेलं रोप नुसतं लांबच लांब होतं, आणि बाहेर लावलं की पहिल्याच दिवशी आडवं पडतं." मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू बरेच खाल्लेले दिसतायत."

आठवडाभर मी कोपऱ्यातल्या एका ट्रेला विसरलो. ती रोपं इतकी उंच आणि लुकडी झाली की मला माझा दहावीचा फोटो आठवला. काठी लागलेली शेजारची मात्र बुटकी, जाडजूड, अगदी आमच्या बाबांसारखी. (त्यांना हे वाचून दाखवू नकोस.)

एकदा ये ना इकडे. कोपऱ्यातला ट्रे तुझ्यासाठी राखून ठेवतो.

तुझी बहिरी काय म्हणते? पुन्हा बोलली का? सहज विचारतोय. लॅबच्या चावीकाकांना नमस्कार सांग. म्हणजे मुद्दाम नको, विषय निघाला तर.

तुझा,
भिंगऱ्या


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगऱ्या,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माती, आत चहाचा डाग, आणि तिकीट उलटं. तुझंच आहे याची खात्री पटायला सही बघावी लागली नाही.

काठीने रोपं कुरवाळण्याचं वर्णन दीड पान आहे. मी इथे कामाच्या ढिगाऱ्याखाली असल्याने तेवढा भाग सोडून बाकीचं वाचलं.

बहिरी बोललेली नाही. तू माझ्या लॅबमध्ये दीड महिना काचा धुतल्यास, पण ती काय आहे हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस, कारण तू खिडकीतून कबुतरं मोजत होतास. तर ऐक. पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूला दारावरच्या घंटीसारख्या वस्तू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून कुणी घंटी दाबली की आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून चौघांकडे, आपल्या घरात तू नापास झाल्याची बातमी जायची तसा. आम्ही अशी सोय केली आहे की निरोप पार आतपर्यंत पोचला की पेशी सहा तासांत हिरव्या चमकतात. आता या घंट्यांपैकी काही अशा आहेत की त्या कोण दाबतं हे जगात कुणालाच माहीत नाही. त्यातली एक नऊ वर्षांपूर्वी मी पदरात घेतली, तीच ही बहिरी.

दोन वर्षांपूर्वी त्या एका दिवशी ती वाजली. औषधाचे थेंब घातलेल्या सगळ्या ताटल्या हिरव्यागार, नुसतं पाणी घातलेल्या काळ्या. मी लेख लिहिला, छापून आला, लोक अभिनंदन करून गेले. त्यानंतर ती एकदाही वाजलेली नाही. माझ्याकडे नाही, इतर तिघांनी आपापल्या लॅबमध्ये करून पाहिलं त्यांच्याकडेही नाही. हल्ली सभांमध्ये लोक माझ्याशी नको तितकं गोड बोलतात. आमच्या संस्थेच्या साहेबांनी सांगितलंय, एकतीस मार्चपर्यंत पुन्हा करून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या आणि लॅबची खोली सोडा. चूक झाली म्हणायला मी घाबरत नाही रे. पण कुठे झाली हेच सांगता आलं नाही, तर लोक एकच अर्थ काढणार, की बाईंनी ते चित्र घरी बसून रंगवलं.

त्या दिवशी औषधाच्या ताटल्या जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत तू ट्रॉलीवर आणल्यास. माझ्या वहीत लिहिलंय, "लिफ्ट बंद. ताटल्या चाळीस मिनिटं उशिरा." तो उशीरच कारणीभूत असेल म्हणून मी दोन वर्षं ताटल्या चाळीस मिनिटं बाहेर ठेवून पाहिल्या. थंडीत, उन्हात, कपाटात, खिडकीत. काही नाही. तुला आणखी काही आठवतं का? साबण बदलला होतास?

आणि तिकडे यायचं म्हणशील, तर पेशींना एक दिवसाआड खायला घालावं लागतं. दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, पन्नाशीलाही मी जेवणाआधी परत फिरले, तो अजून बोलून दाखवतो. ताटल्या तर आता मी कुणाच्याच हातात देत नाही. तान्ह्या बाळासारख्या छातीशी धरून स्वतः नेते. चावीकाका दार उघडून धरतात, तेवढंच.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साबणाबद्दल विचारलंस ते बरं केलंस, साबणाबद्दल मला पुष्कळ आठवतं. आधी पिवळा होता, डब्यातला. तो संपत आला तेव्हा काकांनी निळा आणला. निळ्याला फेस जास्त, पण वास असा की जेवताना औषधाच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. मी तक्रार केली तर काका म्हणाले, "बाटल्या तक्रार करत नाहीत." मग मधे एक आठवडा पांढरी पावडर होती, तिने माझी नखं सोलली. पिवळा कधी संपला आणि निळा कधी आला याची तारीख सांगता येणार नाही, पण त्या आठवड्यात खिडकीत कबुतराने दोन अंडी घातली होती, त्यावरून काढता येईल. अंडी कबुतराचीच होती, कारण नंतर

हे भरकटलं. बाटल्या मी तीनदा पाण्यातून काढायचो. चौथ्यांदा तू सांगितलं होतंस, ते मी करत नव्हतो. घे, एवढी कबुली पुरे.

उशिराचं म्हणशील, तर लिफ्टचं वहीत आहेच, मग मी परत काय लिहू.

इथे मालकीणबाईंनी मला बढती दिली. आता दोन काचघरं माझी. काठी फिरवताना माझा हात मधेच थांबतो, कारण मी कशाकडे तरी बघत बसतो. त्यांनी त्यावर उपाय काढलाय. मोठ्याने आकडे म्हणत काठी फिरवायची. म्हणजे मी दिवसभर शाळेसारखा एक ते दहा ओरडतो आणि त्या दुसऱ्या काचघरातून "सात राहिले!" असं ओरडतात.

चावीकाका कशावर रागावलेले वगैरे नाहीत ना? म्हणजे काही कारण नाही. आपलं असंच.

तुझा,
भिंगऱ्या


२ मार्च

भिंगऱ्या,

साबणावर पाऊण पत्र. ज्या मुलाला आपली चप्पल कुठे काढली ते आठवत नाही, त्याला साबणाचे तीन रंग आठवतात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी कबुतराच्या अंड्यांवर हसत बसले.

मग मी लिफ्टची देखभाल करणाऱ्यांची नोंदवही मागवली. त्या दिवशी लिफ्ट दिवसभर चालू होती.

चावीकाकांना विचारलं, "त्या दिवशी लिफ्ट बंद होती का हो?" म्हणाले, "होती." मी नोंदवही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग नोंदवही चुकली असेल."

एकवीस वर्षं मी त्या माणसाला ओळखते. एकवीस वर्षांत ते माझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत. तुझ्याकडून त्यांनी ताटल्या घेतल्या असणार, कुठेतरी टेकवून विसरले असणार, आणि आता झाकतायत, असं माझ्या डोक्यात आलं. आलं ते आलं, मी बोलूनही दाखवलं. नको तितकं बोलले. त्यांनी चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. आज तिसरा दिवस, आलेले नाहीत. निवृत्तीला चार महिने उरलेत त्यांच्या.

लेख मागे घ्यायचं पत्र मी लिहून ठेवलंय. "कारण" असं लिहून पुढे रेघ ओढली आहे. रेघेवर काय लिहायचं ते सुचत नाही.

तुझा हात मधेच थांबतो म्हणे. माझाही थांबलाय.

आत्या


६ मार्च

आत्या,

या पत्रात साबण नाही.

काकांनी काही केलेलं नाही. लिफ्ट चालू होती. मी खोटं बोललो.

दोन इमारतींच्या मधला तो लांब उतार आहे ना, चौकोनी फरश्यांचा? लिफ्टने गेलं तर तो लागत नाही. पण मला तो रोज लांबून दिसायचा आणि रोज वाटायचं, एकदा यावरून ट्रॉली सोडली पाहिजे. त्या दिवशी तुझ्या औषधाच्या ताटल्या ट्रॉलीवर होत्या. मी खालच्या फळीवर उभा राहिलो, दांडी धरली आणि सोडली. पुढचं डावं चाक एका बाजूने चपटं आहे, ते फरशीच्या प्रत्येक सांध्यावर आपटत होतं. ताटल्या नुसत्या खडखड खडखड. तळाशी ते झुलतं दार. तिथून नेमके काका येत होते. दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. काकांनी दार उघडून धरलं. मी आरपार.

मग ते आले आणि एवढंच म्हणाले, "सांडलं का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "बाईंना सांगू नको. जीव घेतील."

संध्याकाळी तू खोलीतून धावत बाहेर आलीस, "हिरव्या! हिरव्या!" करत. सगळ्यांना आइस्क्रीम आणलंस. मला दोन दिलीस. मला वाटलं, वाचलो. पण पुढच्या महिन्यात ती पुन्हा वाजेना आणि तू जेवायची बंद झालीस, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की मी काहीतरी बिघडवून ठेवलंय. काय ते कळेना, विचारायची सोय नाही. म्हणून गेलो. फ्लास्क फोडल्यावर तू बोललीस म्हणून मी गेलो, असं तू सगळ्यांना सांगतेस. फ्लास्कचं मला काहीच वाटलं नव्हतं. सॉरी. फ्लास्कबद्दलही आणि बाकीचंही.

पत्र सात महिने का राहिलं, ते आता कळलं असेल. मासा वगैरे खरा आहे.

काकांना चाव्या परत दे. आधी ते कर, मग माझ्यावर ओरड.

भिंगऱ्या


१२ मार्च

महामूर्खा,

सोमवारी तुझं पत्र वाचलं. चाव्या घेऊन तडक काकांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुसली, चहा केला. आम्ही दोघांनी चहा संपवला. शेवटी मी म्हटलं, "चुकलं माझं." तर म्हणतात, "साखर कमी पडली का?" जुडगा उचलून त्यांनी एकेक चावी मोजली, जसं काही मी एखादी खाल्लीच असेल. निघताना म्हणाले, "लहान पोरगं होतं हो." तू तेव्हा एकवीस वर्षांचा होतास.

दोन दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात ओरडत होते. काल सकाळी भांडायला आणखी मुद्दे सापडावेत म्हणून तुझं फेब्रुवारीतलं पहिलं पत्र काढलं आणि सोडून दिलेलं दीड पान वाचलं. "लाड नाही रे, धक्के."

मी खुर्चीवरून उठले ते परत बसले नाही. नऊ वर्षं मी शोधतेय की ही घंटी कोण दाबतं. ती दाबायची नसेलच तर? हादरवायची असेल तर? त्या दिवशी पाण्याच्या ताटल्या मी आधीच हातात घेऊन गेले होते. ट्रॉलीवर जागा नव्हती म्हणून. खडखडल्या फक्त औषधाच्या.

लगेच ट्रॉली उतारावर नेली. काकांनी सोडली, मी खाली दार धरलं. मग सहा तास घड्याळासमोर बसले.

काही नाही. एका ताटलीत किंचित हिरवट वाटलं, पण ते मला हवं होतं म्हणून वाटलं असणार. काका म्हणाले, "मलाही वाटलं," यावरून काय ते समज. तुझं दीड पान वाया गेलं. उरले एकोणीस दिवस. आणि मी उगाच एवढी हरखले होते.

आत्या


१६ मार्च

आत्या,

एकदा नाही. अकरा वेळा.

मी पत्रात एकदाच लिहिलं, कारण एकदा केलं की त्याला वेडेपणा म्हणतात, अकरा वेळा केलं की काय म्हणतात ते मला माहीत आहे. वर चढवायची, खाली सोडायची, परत वर. काकांनी त्यातल्या शेवटच्या दोनच पाहिल्या, त्यांना बाकीच्या नऊ सांगू नकोस. अर्ध्या मिनिटाच्या उताराला चाळीस मिनिटं कशी लागतील, हे गणित तरी तू घालायला हवं होतंस. आपल्या घरात शिकलेली तू.

मालकीणबाईंना विचारलं, काठी एकदाच फिरवली तर? म्हणाल्या, "एकदा? एकदा तर माशीसुद्धा बसते."

हे पत्र पोस्टात टाकायला मी सायकलवरून जातोय. वाटेत कुठेही थांबणार नाही. खरंच.

भिंगऱ्या


२ एप्रिल

प्रिय भिंगऱ्या,

बस. खाली बस. काठी बाजूला ठेव.

वाजली.

अकरा फेऱ्या. पहिल्या चार काकांनी मारल्या, मग त्यांची पाठ बोलायला लागली, मग मी. एक्कावन्न वर्षांची बाई, अंगात पांढरा कोट, खालच्या फळीवर उभी. भिंगऱ्या, तू मला आधी का सांगितलं नाहीस की त्यात इतकी मजा असते? काका दाराशी उभे राहून मोठ्याने आकडे म्हणत होते. सहा तासांनी ताटल्या पाहिल्या तर हिरव्यागार, कडेपासून कडेपर्यंत.

मग रीतसर केलं. औषधाच्या ताटल्या ट्रॉलीवर, चमकल्या. नुसत्या पाण्याच्या ट्रॉलीवर, त्याही चमकल्या. दोन्ही प्रकारच्या छातीशी धरून नेल्या, दोन्ही काळ्या. आणि शेवटी ज्या पेशींमधून आम्ही ती घंटी काढूनच टाकली आहे, त्या अकरा फेऱ्यांनंतरही गप्प. म्हणजे वाजते ती माझीच घंटी, आणि वाजते ती हादऱ्याने. औषधाचा काडीचा संबंध नाही. त्या एका दिवसानंतर दोन वर्षं मी तिला जपून जपून नेत होते आणि वर विचारत होते, बाई, तू बोलत का नाहीस?

तीस तारखेला साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ट्रॉली?"

"ढकलून बघा," मी म्हटलं.

उतारावर आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर कोट काढून काकांच्या हातात दिला. अकरा फेऱ्या झाल्यावर मला म्हणतात, "खात्रीसाठी आणखी एक करू का?" चार केल्या. त्यांच्या ताटल्या माझ्यापेक्षा जास्त चमकल्या, हे ते आता सगळ्यांना सांगत सुटलेत.

जुना लेख मी मागे घेतला. घ्यायलाच हवा होता, त्यात औषधाचं म्हणून जे लिहिलंय ते चूक आहे. फरक एवढाच की रेघेच्या जागी आता पाऊण पान कारण आहे, आणि ते वाचून ज्या तिघांनी करून पाहिलं होतं त्यांच्यापैकी एकीने कळवलं, "आमच्याकडे गुळगुळीत फरशी आहे, काय करावं?" तिला उत्तर दिलंय. नवा लेख लिहायला घेतलाय. खोली आमच्याकडेच राहिली. साहेब म्हणतात हादरे मोजून देणारं यंत्र बनवून घेऊ. तोपर्यंत काकांनी ट्रॉलीवर पाटी लावली आहे, "चाक दुरुस्त करू नये."

नव्या लेखात आभाराची एक ओळ असते. तिथे तुझ्या नावापुढे हुद्दा काय लिहू? सध्या मी "बाटल्या तीनदाच धुणारा" असं लिहून ठेवलंय. बदल हवा असेल तर लवकर कळव. "लवकर" म्हणजे सात महिने नाही.

तूच ये भेटायला. मी कुठली येणार, पेशी उपाशी ठेवून.

तुझी,
आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

बघ, सात दिवस. त्यातले चार पोस्टाचे.

तुझं पत्र मी काचघरात उभ्याउभ्या वाचलं, मग मालकीणबाईंना वाचून दाखवलं. साहेबांनी कोट काढला तिथे त्यांनी मला थांबवलं आणि तो भाग परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या बाईला नऊ वर्षं लागली? मला फोन केला असता तर." मी म्हटलं, इथे रेंज नाही. म्हणाल्या, "तेच तर."

हुद्द्याचं. बाबांना फोनवर विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात सांगितला असता, पण तो छापता येणार नाही. मी खूप विचार केला. "ट्रॉलीचालक" बरं वाटतं, पण काकांना राग येईल, ट्रॉली त्यांची आहे. खरं तर आभार त्यांचे मान. मी खोटं बोललो, आणि ते खोटं दोन वर्षं त्यांनी सांभाळलं. माझं नाव घालायचंच असेल तर नुसतं नाव घाल, पुढे काही नको. तसंच बरं वाटतं. पुढच्या महिन्यात मी इथे असेन की नसेन तेही सांगता येत नाही. म्हणजे असेन बहुतेक. तिसरं काचघरही आता माझ्याकडे आलंय, आणि एकूण आकडे म्हणायचे किती, तर

हे जाऊ दे.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस, तर यावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. तुझी भीती नाही, तू ओरडून मोकळी होतेस. काकांसमोर उभं राहायचं कसं? त्यांनी परत "सांडलं का?" म्हणून विचारलं तर मी तिथेच रडेन. तू येशील तर बरं, पण तुझ्या त्या पेशी. मी मालकीणबाईंना म्हटलंसुद्धा, माझी आत्या सख्ख्या भावाच्या पन्नाशीला जेवली नाही, ती काय इथे

थांब. मालकीणबाई ओरडतायत. फाटकापाशी कुणीतरी बाई आल्यात आणि परवानगी न घेता पहिल्या ट्रेच्या रोपांवरून हात फिरवतायत, असं म्हणतायत. आणि इतक्या हळू फिरवतायत म्हणे, की कशाचा उपयोग नाही.

मी काचेतून बघितलं.

प्रवासाने कोट चुरगळलाय. बूट चिखलात. छातीशी काही धरलेलं नाही. डबा नाही, ताटल्या नाहीत, दोन्ही हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते न कळल्यासारखे रोपांवरून फिरतायत.

आत्या, पेशींना आज खायला कोण घालतंय? काका ना?

अगं हळू नको. दहा वेळा. मोठ्याने मोजत. राहू दे, आलोच मी.